पुलापलीकडे काही नाही

मला लोक 'बाई' म्हणतात, शाळेतल्या बाईंना म्हणतात तसं. शाळेत मी एक दिवसही शिकवलेलं नाही. मी कॉम्प्युटर गेमची परीक्षणं लिहिते, दर शनिवारी, वर्तमानपत्राच्या पुरवणीत, आणि प्रत्येक गेमला दहापैकी मार्क देते. चौदा वर्षांत दहापैकी दहा कुणालाही दिलेले नाहीत. नऊ फक्त दोघांना. बाकीच्यांनी मला काय काय म्हटलंय ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. वय बावन्न, गुडघे कुरकुरतात, राग नाकाच्या शेंड्यावर, आणि चष्मा डोक्यावर चढवून तोच घरभर शोधायची खोड. त्यातून नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणजे बोलायलाच नको.

माझ्या सदराच्या माथ्यावर दर आठवड्याला एक ओळ छापून येते : 'शेवट पाहिल्याशिवाय निकाल नाही.' ही माझी प्रतिज्ञा. इतर लोक दोन तास खेळून चार पानं लिहितात, मी गेम संपवल्याशिवाय एक अक्षर लिहीत नाही, असा तिचा अर्थ. घरातही तोच कायदा. पुस्तक हातात घेतलं की संपवायचं, पोहायला नाव घातलं की या काठावरून त्या काठाला जाऊन दाखवायचं. आमची कन्या या कायद्याखालीच लहानाची मोठी झाली. तिला घरात ठकी म्हणतात.

ठकी वीस वर्षांची. गेल्या वर्षी तिने नर्सिंगचं शिक्षण मध्येच सोडलं. वर्ष आणि वर दोन महिने झाले होते. एक दिवस अचानक घरी आली, बॅग दारातच ठेवली आणि म्हणाली, "मी परत जाणार नाही." मी का विचारलं नाही, कसं विचारलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणाले, "अर्धवट सोडणाऱ्याला मत नसतं, ठके. त्याच्याकडे नुसत्या सबबी असतात."

त्या दिवसापासून पोरगी माझ्याशी दिवसाला मोजून चार वाक्यं बोलते. जेवलीस का, हो, नाही, झोपते. कोपऱ्यावरच्या बेकरीत काम धरलंय तिने; पहाटे जाते, दुपारी येते, केसांत पीठ. नवरा म्हणतो, "दोघी एकाच मातीच्या. एक जरी मागे हटेल तर शपथ." मला आतून फार वाटायचं की तिने माझ्यापाशी येऊन बसावं. पण मी कशाला मागे हटू? माझं चुकलं काय होतं?

अशात 'धूम्रगड'चा दुसरा भाग आला.

पहिला भाग आला त्याला नऊ वर्षं झाली. एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण, आणि त्यांचे पाच मित्र, असे सात जण मिळून टायरच्या दुकानावरच्या एका खोलीत तो बनवत होते. तलवार, जादू, धुराने भरलेलं राज्य आणि त्यातून वाट काढणारा एकटा स्वार. मी त्याला दहापैकी तीन मार्क दिले होते. परीक्षणाचा मथळा होता 'पुलापलीकडे काही नाही'. मी लिहिलं होतं : "एवढं मोठं राज्य उभं केलंय, पण त्यात माणूस औषधालाही नाही. मारा, पुढे जा, पुन्हा मारा. वाटलं होतं तिसऱ्या अध्यायातला पूल ओलांडला की काही दिसेल. पुलापलीकडे काही नाही." हे वाक्य लोकांनी इतकं डोक्यावर घेतलं की विचारू नका. कुणाचं लग्न मोडलं तरी म्हणत, पुलापलीकडे काही नाही. गेम पडला. सातातले पाच जण दुसरीकडे गेले, भाऊ-बहीण तेवढे उरले. मला ते कळलं होतं. मी म्हटलं होतं, धंदा आहे, चालायचंच.

आता त्याच दोघांनी दुसरा भाग पाठवला होता. सोबत दोन ओळींचं पत्र : "बाई, 'धूम्रगड : दुसरा फेरा' पाठवत आहोत. परीक्षणासाठी तीन आठवडे ठेवले आहेत. या वेळी सावकाश खेळा." एरवी कंपन्या आम्हाला पाच दिवस देतात आणि वर चार वेळा आठवण करतात. मला वाटलं, लोणी लावताहेत. म्हटलं लावा, या दगडावर लोणी वितळत नाही.

जेवणाच्या खोलीतच माझं टेबल आहे. एका बाजूला मोठा स्क्रीन, शेजारी वही, वहीत उभ्या रेघा : चाल, लढाई, गोष्ट, आवाज, माणसं. सकाळी नवरा दुकानात गेला की मी बसते. खोटं कशाला बोलू, गेम चांगला होता. तलवारीला वजन होतं; उगारली की खांदा थोडा मागे जायचा, आणि वार हुकला की स्वार खरोखरच दोन पावलं धडपडायचा. धुरात आपल्या पावलांचे ठसे उमटायचे आणि शत्रू ते हुंगत यायचे. घोडी हट्टी होती, चुचकारल्याशिवाय ओढ्यात पाय घालायची नाही. नकाशावरची अक्षरं मात्र मुंगीएवढी, आणि पिशवीत सामान लावायला बसलं की अर्धी सकाळ तिथेच. मी वहीत मनाशी साडेसात लिहून ठेवले होते. माझ्याकडचे साडेसात म्हणजे दुसऱ्यांकडचे दहा, हे सगळ्यांना माहीत आहे.

चौथ्या दिवशी दुपारी मी एका पुलापाशी पोचले. तोच तो पूल, पहिल्या भागातला, आता अर्धा ढासळलेला. ठकी नुकतीच बेकरीतून आली होती आणि माझ्या मागे उभी राहून पावाचा तुकडा चावत होती. पुलाच्या तोंडाशी स्टुलावर एक म्हातारी बसली होती. मांडीवर वही, चष्मा डोक्यावर, आणि एका हाताने ती तोच चष्मा शेजारच्या गवतात शोधत होती. मी जवळ गेले तशी तिने मान वर केली आणि म्हणाली, "चाल, दहापैकी चार. पाठीला पोक आहे."

ठकीच्या घशात पाव अडकला. खोकली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मग हसायला लागली. वर्षभरात मी तिचं ते हसणं ऐकलं नव्हतं. "आई! अगं, ही तू आहेस!"

"मी? ही म्हातारी? हिला आजी म्हणताहेत खाली, बघ, 'परीक्षक आजी'! मी आजी दिसते का गं?"

"डोक्यावरचा चष्मा काढ आणि मग बोल."

मी चष्मा काढला. मेले कुठले! स्क्रीनवर आजी पुढे बोलतच होती. जो जो वाटसरू येई त्याला ती सांगे, "पुढे जाऊ नका. पुलापलीकडे काही नाही. मी बघून आलेय." आणि लोक बिचारे मागे फिरत होते. ठकीने वाकून नीट पाहिलं. "आई, तिच्या वहाणांवर शेवाळ आलंय. किती बारीक काम केलंय बघ. म्हणजे ही बाई वर्षानुवर्षं इथून हललेलीच नाही."

मी चष्मा नाकावर चढवला आणि वाकून पाहिलं. 

"नऊ वर्षं झाली तरी तुझं वाक्य त्यांना पाठ आहे," ठकी म्हणाली. "धाक आहे तुझा. कारण तू कुणाला सोडत नाहीस, पण खोटंही लिहीत नाहीस. काय असेल ते असो, एवढं मात्र मी बेकरीतही सांगते सगळ्यांना." चारापेक्षा जास्त वाक्यं झाली हे तिच्या बहुतेक लक्षात आलं, कारण ती एकदम केस धुवायला निघून गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगाच नाही. मी तिची पाठ वळेपर्यंत थांबले आणि मग आजीशी बोलायला गेले. गेम चार पर्याय देत होता : तिला बाजूला ढकला, तिच्याशी वाद घाला, मागे फिरा, सोबत चला म्हणा. ढकललं तर म्हातारी वही घेऊन पुन्हा स्टुलावर. वाद घातला तर माझ्या वाद घालण्याला दोन मार्क. शेवटी मी 'सोबत चला' दाबलं. आजीने वही मिटली. आवाज खाली आणून म्हणाली, "कुणाला सांगू नकोस. मी पलीकडे गेलेच नाही कधी. इथला पहारेकरी होता ना, दगडाचा, त्याने मला एकतीस वेळा पाडलं."

एकतीस. तीस नाही, पस्तीस नाही.

आता सांगते, कारण लपवण्यात काही अर्थ राहिलेला नाही. पहिल्या भागात त्या पुलावर एक दगडाचा राक्षस होता, हातात हातोडा. मी त्याला दगडोबा म्हणायचे. त्याने मला पहिल्यांदा पाडलं तेव्हा मी हसले. दहाव्यांदा पाडलं तेव्हा शिव्या घातल्या. एकतिसाव्यांदा पडले तेव्हा शुक्रवारची दुपार होती, आणि परीक्षण संध्याकाळपर्यंत द्यायचं होतं. मी त्रेचाळिशीची, या धंद्यातली जाणकार म्हणून मिरवणारी बाई, आणि एक दगड मला ओलांडता येईना. कुणाला विचारायची लाज वाटली. मग मी गेम बंद केला आणि जे पाहिलंच नव्हतं त्यावर निकाल दिला. नाचता येईना, अंगण वाकडं. नंतर काही वाचकांचे मेल आले, विषयात 'पूल' लिहिलेले. मी एकही उघडला नाही. परीक्षणासाठी दिलेली प्रत त्या काळी खेळाची सगळी नोंद गेम बनवणाऱ्यांकडे पाठवायची, कुठे पडलात, किती वेळा पडलात. हे मला तेव्हा सुचलंही नव्हतं. म्हणजे नऊ वर्षं ते दोघं जाणून होते. कुठे बोलले नाहीत, कुठे छापलं नाही.

पण त्या दुपारी मला त्यांचा मोठेपणा वगैरे काही दिसला नाही. माझं डोकं फिरलं. मी संपादकांना फोन लावला. माणूस माझ्याहून बारा वर्षांनी लहान, पण बोलतो आजोबांसारखा.

"मला चिडवायला त्यांनी गेममध्ये म्हातारी घातलीय," मी म्हणाले.

"नाव घेतलंय तुमचं?"

"नाही."

"मग ती तुम्ही आहात हे कशावरून, बाई?"

कशावरून ते सांगायचं तर एकतीस सांगावे लागले असते. मी फोन ठेवला आणि परीक्षण लिहायला घेतलं. दहापैकी दोन. सुडाचा गेम, कोत्या मनाच्या लोकांनी बनवलेला. पाऊण पान झालं होतं, आणि काय सांगू, भाषा इतकी धारदार उतरली होती की मीच माझ्यावर खूश झाले.

संध्याकाळी नवरा आला. त्याने माझ्या नाकावरचा चष्मा न विचारता उचलला, रुमालाने पुसला आणि परत ठेवला, रोजचंच आहे. मग वहीकडे बघून म्हणाला, "अगं, संपला का गेम? तीन आठवडे होते ना?"

"नाही संपला."

"मग लिहितेयस काय? शेवट पाहिल्याशिवाय..." एवढं म्हणून तो हातपाय धुवायला गेला. त्याच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. मला मात्र ते कानाखाली बसल्यासारखं लागलं. मी पाऊण पान पुसून टाकलं आणि दुसऱ्या सकाळी पुलापाशी परत गेले.

आजीला पुलावरून नेताना पळता येत नाही. ती आपली बाही धरते आणि तिच्या चालीनेच चालावं लागतं. मी दोनदा पळायला गेले, दोन्ही वेळा ती मधोमध थांबली आणि म्हणाली, "घाई, दहापैकी शून्य." तिसऱ्यांदा मी मुकाट चालले. पलीकडे पोचल्यावर मला वाटलं, आता ही रडेल, माफी मागेल, सगळ्या गावासमोर माझी शोभा होईल. तसलं काही झालं नाही. तिने वहीचं नवं पान उघडलं, पेन्सिल जिभेला लावली आणि म्हणाली, "चल पुढे. बघू."

आणि मग जे झालं त्याची मला कल्पना नव्हती. आजी शेवटपर्यंत सोबत राहते. लढाईत ती खडकाआड बसून मार्क देते, आणि त्या मार्कांतच सगळी मेख आहे. "डावा खांदा उघडा टाकलाय, दहापैकी दोन," असं ती शत्रूला म्हणते, आणि आपण डाव्या खांद्यावर वार करायचा. "हा दरवाजा नुसता दिखाऊ, एक मार्क," म्हटलं की दरवाजा ढकलला तर पडतो. तिची जीभ जितकी तिखट, तितका आपला जीव वाचतो. अख्ख्या गेममध्ये तिच्याइतकी उपयोगी सोबत दुसरी नाही. माझ्यामुळे ज्यांचे पाच मित्र गेले त्यांनी माझ्यासारख्या बाईला गेममध्ये बसवून सगळ्यात चांगली वाक्यं दिली होती. शेवटच्या लढाईनंतर मी खुर्चीत बसून ढसाढसा रडले. भर दुपारी, हातात कंट्रोलर घेऊन.

ठकी दारात उभी होती. "काय झालं? कुणाचा फोन होता का?"

"बस," मी म्हणाले. "मला तुला काही सांगायचंय." आणि सगळं सांगितलं. दगडोबा, एकतीस, न उघडलेले मेल. ती ऐकत होती, आणि तिचा चेहरा हळूहळू कठोर होत गेला.

"म्हणजे तू अर्धवट सोडलंस," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"वर मतही दिलंस."

"हो."

"आणि मला म्हणालीस, अर्धवट सोडणाऱ्याला मत नसतं." ती उठली. "लोकांना सांगायला बरं आहे तुझं, आई."

दार आपटलं नाही तिने. आपटलं असतं तर बरं झालं असतं. पुढचे दोन दिवस चार वाक्यंही नाहीत. नवरा दोघींकडे आळीपाळीने बघे आणि गुपचूप आपली ताटली विसळून ठेवी.  संपादकांचं काय, वाचकांचं काय, ते सगळं मी निभावलं असतं. पण या घरात एक माणूस असं होतं की ज्याने माझ्यावर रागावूनही माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता, आणि तोही आता गेला होता.

तिसऱ्या दिवशी मी कपाटावरून जुनं यंत्र काढलं, धूळ पुसली आणि पहिला 'धूम्रगड' लावला. माझा स्वार नऊ वर्षं पुलाच्या तोंडाशीच उभा होता. दगडोबानेही जागा सोडली नव्हती. बत्तिसाव्यांदा पडले. तेहतीस. चाळिसाव्या वेळी पुन्हा शिव्या घातल्या, अगदी तेव्हासारख्या. एकेचाळिसाव्यांदा पडले तेव्हा मागून आवाज आला.

"दहापैकी एक."

मी वळले नाही. मला भीती वाटली, वळले तर ती जाईल.

"तू हातोड्याकडे बघतेस," ठकी म्हणाली. "त्याच्या पायाकडे बघ. हातोडा उचलायच्या आधी तो डावा पाय मागे घेतो. तेव्हा मार. भित्री कुठली, मागे काय पळतेस?"

बेचाळीस. "दोन मार्क." त्रेचाळीस. "पुन्हा हातोडा! आई, पाय म्हटलं ना!" कुठल्या तरी वेळी तिने खुर्ची ओढून माझ्या शेजारी घेतली होती. तिच्या केसांतलं पीठ माझ्या बाहीवर पडलं. शेहेचाळीस झाल्यावर मी कंट्रोलर तिच्यापुढे धरला. "तू मार. तुझी बोटं तरणी आहेत."

"छे. पूल तुझा आहे," ती म्हणाली आणि हात मागे घेतला.

पन्नासाव्या वेळी डावा पाय मागे गेला, मी मारलं, पुन्हा गेला, पुन्हा मारलं, आणि दगडोबा असा कोसळला की खालच्या मजल्यावरच्या लोकांना आमची किंकाळी ऐकू गेली असणार. ठकीने माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा उडून टेबलाखाली गेला. तो शोधून काढला, नाकावर बसवला आणि मी पूल ओलांडला.

पलीकडे गाव होतं.

पहिल्या दोन अध्यायांत मी ज्या ज्या कोणाला वाचवून पुढे गेले होते, ती सगळी माणसं तिथे होती. जळत्या गिरणीतून काढलेला गिरणीवाला नवं जातं बसवत होता. विहिरीतून ओढून काढलेल्या दोघी बहिणी दोरीवर कपडे वाळत घालत भांडत होत्या. ज्या आंधळ्या लोहाराला मी फक्त रस्ता दाखवला होता, त्याने भाता बंद करून विचारलं, "कोण, तूच ना? पावलांवरून ओळखलं." त्या गावात एकही लढाई नव्हती. नुसतं दारोदार जायचं, बसायचं, लोक काय सांगतात ते ऐकायचं. चांगले दोन तास. माणूस औषधालाही नाही, असं मी लिहिलं होतं. त्या सात जणांनी सगळी माणसं पुलापलीकडे ठेवली होती.

ठकी हळूच म्हणाली, "आई, किती सुंदर आहे गं."

मी मान हलवली. 

परीक्षण दुसऱ्या दिवशी एका बैठकीत लिहिलं. पहिली ओळ : "नऊ वर्षांपूर्वी मी या जागी खोटं लिहिलं." मग एकतीस, मग पूल, मग गाव, मग आजी. नकाशावरच्या मुंगीएवढ्या अक्षरांनाही सोडलं नाही, नाहीतर लोकांना वाटलं असतं म्हातारी विरघळली. मार्काच्या चौकटीत काहीच भरलं नाही. खाली लिहिलं की या दोघांना मार्क द्यायचा हक्क मी गमावला आहे, तुम्ही स्वतः खेळा आणि सावकाश खेळा. वाचून संपादकांनी फोन केला.

"बाई, हे छापलं तर लोक तुमचं जुनं सगळं उकरून काढतील."

"काढू देत. बाकीचे सगळे गेम मी संपवलेत. हा एकच."

"आणि माथ्यावरची ओळ?"

"ती काढा," मी म्हणाले. "पुन्हा लावायची वेळ आली तर मी सांगेन."

त्यांनी सुस्कारा टाकला. सदराचं पुढे काय ते सोमवारी बोलू म्हणाले. पण छापलं, एक शब्दही न गाळता.

शनिवारी सकाळीच त्या भाऊ-बहिणीचा मेल आला. मी घाबरतच उघडला. "बाई, तुमच्या जुन्या प्रतीची नोंद अजूनही आमच्याकडे येते. पन्नास! आमची पैज लागली होती. भाऊ म्हणत होता साठ लागतील. नकाशाची अक्षरं मोठी करतो आहोत." बस, एवढंच. मी तो मेल चार वेळा वाचला.

दुपारी ठकी आली ती पुरवणी काखेत घेऊनच. बेकरीतल्या टेबलावरची असावी, कडेला तेलकट बोटं उमटली होती. माझ्यासमोर बसून तिने परीक्षण पुन्हा वाचलं, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, बोट ठेवून. मी तोपर्यंत चहा केला आणि दोन कप टेबलावर ठेवले.

"बेकरीत सगळ्यांनी वाचलं," ती म्हणाली.

"काय म्हणाले?"

"मालकीणबाई म्हणाल्या, तुझी आई भारीच आहे. मी म्हटलं, भारी कसली, एकोणपन्नास वेळा पडली." आणि ओठांच्या कडेने हसली.

मी कप दोन्ही हातांनी धरला. वर्षभर हा प्रश्न माझ्या जिभेपाशी येऊन थांबत होता, आणि खरं सांगायचं तर मी तो विचारलाच नव्हता. न विचारता मार्क देऊन टाकले होते.

"ठके," मी म्हणाले, "तू नर्सिंग का सोडलंस?"

 कपातला चहा तिने नुसता फिरवला. "मोठं आहे ते सगळं. आणि तू मध्येच बोलशील."

"नाही बोलणार."

"मार्क देशील."

"वही आत ठेवलीय."

तिने खुर्ची थोडी पुढे ओढली. "पहिलं वर्ष तर मला आवडलं होतं, हे तुला माहीतच नाही," ती म्हणाली. "मग मला लहान मुलांच्या वॉर्डात टाकलं..."

चहा गार झाला, दोघींचाही. नवरा येऊन, चपला काढून, आम्हाला बघून पाऊल न वाजवता आत निघून गेला. मी मध्ये एकदाही बोलले नाही, तिचं सांगून होईपर्यंत.